पुस्तकातला तो चौकोन स्कॅन केला का? फुकट शिक्षण आणि खुलं शिक्षण, दोन्ही एक नाहीत

तिरोडा (तालुका प्रतिनिधी) :

तिरोड्यात कोणत्याही पानठेल्यावर पाच मिनिटं उभं राहून पाहा. दहा रुपयांचा माल घेतला तरी माणूस खिशातून फोन काढतो, काळ्या-पांढऱ्या चौकोनावर धरतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. मुंडीकोटा असो की वडेगाव, बाजारात भाजीच्या दुकानावरही तो चौकोन टांगलेला दिसतो. तोच चौकोन आपल्या पोरांच्या शाळेच्या पुस्तकात छापलेला आहे. पण "हा कधी स्कॅन केला का?" असं विचारलं की बहुतेक घरी नकारार्थी मान हलते. एका पालकानं तर मला सांगितलं, "तो छापखान्याचा नंबर असेल ना जी."

छापखान्याचा नंबर नाही तो. त्याच्यामागे पूर्ण धडा आहे, व्हिडिओ आहे, सरावाचे प्रश्न आहेत. आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या इंजिनिअरनं तो तयार केला. काम साधं होतं, गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि ते कुठे आहेत ते शोधायचं. कंपनीकडे त्याचं पेटंट होतं. मनात आणलं असतं तर प्रत्येक वापरणाऱ्याकडून पैसे घेता आले असते. पण कंपनीनं ठरवलं की हा कोड कोणीही वापरावा, त्यासाठी फी नाही. म्हणूनच तो जपानच्या कारखान्यातून निघून आपल्या पानठेल्यापर्यंत पोचला. पैसे मागितले असते तर इथवर आला असता का, याचा विचार करा. आजच्या विषयाचं सार यातच आहे. फोन किती भारी आहे यापेक्षा त्यात येणाऱ्या वस्तूला कुलूप आहे की नाही, यानं जास्त फरक पडतो.

पुस्तकात हा कोड आणण्याची वाट दाखवली ती जिल्हा परिषदेच्या एका गुरुजींनी. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत आले तेव्हा इमारत पडायला आली होती आणि बाजूला गुरांचा गोठा. त्यांनी कवितेच्या चाली, धड्यांचे व्हिडिओ, प्रश्न असं सगळं क्यूआर कोडला जोडलं आणि पुस्तकात दिलं. पोरगं फोन धरणार आणि धडा बोलायला लागणार. पुढे राज्य सरकारनं ही कल्पना उचलली आणि बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापून यायला लागले. २०१८ मध्ये केंद्रानंही एनसीईआरटीच्या पुस्तकांत कोड टाकायचं जाहीर केलं. डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. झेडपीच्या शाळेत काय ठेवलंय, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

आता वापरायचं कसं ते सांगतो. फोनमध्ये प्ले स्टोअरवरून 'दीक्षा' नावाचं ॲप घ्या. केंद्र सरकारचं आहे, ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. भाषा मराठी निवडा, मंडळ महाराष्ट्राचं निवडा, वर्ग निवडा. मग ॲपमधल्याच स्कॅनच्या खुणेवर बोट ठेवा आणि पुस्तकावरचा चौकोन दाखवा. पैसे पाठवायच्या ॲपनं हा कोड स्कॅन करू नका, तिथे काही उघडणार नाही. पुस्तक जुनं झालं, चौकोन चुरगळला, तरी बहुतेक ठिकाणी त्याच्याखाली सहा अक्षरांचा कोड असतो. तो हातानं टाकला तरी चालतं.

आपल्या भागासाठी यात सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. धडा डाउनलोड करून ठेवता येतो. नागझिऱ्याच्या जंगलाकडची, बोदलकसा-चोरखमाऱ्याकडची गावं पाहा. तिथे टॉवरची एक कांडी दिसायलाही कधी कधी पाळीवर जाऊन उभं राहावं लागतं. बाजाराच्या दिवशी तिरोड्याला आलात की आठवड्याचे धडे उतरवून घ्या आणि घरी जाऊन नेट बंद करून पाहा. नेट बंद असलं की दुसरा एक फायदा होतो. पोरगं धड्यावरून उडी मारून रीलवर जात नाही.

नववीपासून पुस्तकाला पैसे लागतात

पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळेत मोफत मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नववीपासून विकत घ्यावी लागतात. अकरावी-बारावी विज्ञान म्हटलं की पुस्तकं, गाईड, वही, जाण्यायेण्याचा खर्च, सगळं एकदम अंगावर येतं. तेही ऐन रोवणीच्या दिवसांत, घरात पैसा नसतो तेव्हा. आमच्या वेळी बारावीला एक गाईड चौघांत फिरायचं. ज्याची पाळी परीक्षेच्या आदल्या रात्री यायची तो नशीबवान.

आज पुण्याच्या बालभारतीनं आपली पुस्तकं पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवली आहेत. बालभारती म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेलं पाठ्यपुस्तक मंडळ. गुगलवर मराठीत 'ई बालभारती' टाकलं की सापडतं. मराठी माध्यमाचीच नाही, हिंदी, इंग्रजी, उर्दू अशा माध्यमांचीही पुस्तकं तिथे आहेत. गोंदियाकडे हिंदी माध्यमाची पोरं बरीच आहेत, त्यांना हे कामाचं. एक सावधगिरी घ्या. याच नावाच्या आसपास जाहिरातींनी भरलेली दुसरी पानंही गुगल दाखवतं. जिथे पुस्तकासाठी ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागतात तिथून लगेच बाहेर या. बालभारती पीडीएफसाठी असलं काही मागत नाही.

त्याच मंडळाचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला ठेवले आहेत. गोष्टी, कोडी, विज्ञान, चित्रं. मी स्वतः धान राखायला रात्री मळ्यावर असलो की वाचतो, पोरांसाठी आहे म्हणून लाज कसली? मराठी विश्वकोशाचे वीस खंडही असेच खुले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं ते काम. पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्या काळी असा खंड पाहायचा तर मोठं वाचनालय गाठावं लागायचं. आज खिशात आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग 'एनपीटेल'वर आहेत आणि केंद्राचं 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरावी लागते.

तसं पाहिलं तर खुल्या शिक्षणाची ओळख आपल्याला फोनच्या आधीच झाली आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. शाळा सुटलेल्या बाया, नोकरी करणारे, शेतीत अडकलेले असे किती तरी लोक त्याच्या अभ्यासकेंद्रातून पदवीधर झाले. तिथे वयाचं आणि रोज हजर राहण्याचं दार उघडलं होतं. आता पुस्तकाचं दार उघडत आहे.

फुकटची पिशवी आणि घरचं बियाणं

इथे थोडं थांबून एक फरक समजून घ्यावा लागेल, कारण पुढे फसगत इथेच होते.

धानाचं उदाहरण घेऊ. कृषी केंद्रातून संकरित बियाण्याची पिशवी आणली तर ती त्या हंगामापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा पिशवी. समजा कंपनीनं एका वर्षी ती फुकट वाटली, तरी पुढच्या वर्षीचं बी काही आपल्या हातात आलं नाही. घरच्या सरळ वाणाचं तसं नसतं. शेजाऱ्याकडून कुडवभर आणलं, पेरलं, लोंब्या निवडून ठेवल्या, पुढच्या साली साळ्याला दिलं. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं शेतकऱ्याचा हा हक्क मानला आहे. बी ठेवा, पेरा, अदलाबदल करा, फक्त कंपनीचं नाव लावून विकू नका.

शिक्षणातही तेच. फुकट म्हणजे पिशवी. खुलं म्हणजे बियाणं.

बालभारतीचं पुस्तक उघडा आणि सुरुवातीची पानं वाचा. सगळे हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय त्यातलं काही वापरता येणार नाही, अशी सूचना असते. म्हणजे पीडीएफ घ्या, वाचा, पण त्यातला धडा उचलून आपल्या बोलीत करून छापू म्हटलं तर परवानगी लागेल. सरकारच्या पैशानं, म्हणजे आपल्याच पैशानं, तयार झालेलं पुस्तक इतकं बांधून ठेवावं का, हा प्रश्न मला पडतो. चुका असलेली बनावट पुस्तकं बाजारात येऊ नयेत म्हणून ते करतात, हेही खरं आहे. तरी थोडी गाठ सैल करायला जागा आहे, असं मला वाटतं.

जगात या गाठी सोडायला सुरुवात होऊन बरीच वर्षं झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या मोठ्या संस्थेनं २००१ मध्ये जाहीर केलं की आमच्या वर्गातलं शिकवण्याचं साहित्य सगळ्या जगासाठी खुलं करू. २००२ मध्ये युनेस्कोनं अशा साहित्याला नाव दिलं, आपण त्याला मुक्त शैक्षणिक साधनं म्हणू. त्याच सुमाराला 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने आले. त्यातला सगळ्यात मोकळा परवाना साध्या भाषेत असा : घ्या, बदला, छापा, वाटा, फक्त मूळ कोणाचं ते नाव लिहा. दीक्षावरच्या बऱ्याच साहित्याच्या माहितीतही असा परवाना लिहिलेला सापडतो.

आपल्या जिल्ह्याला याचा उपयोग काय? खूप आहे. आपल्याकडे घरातली भाषा आणि पुस्तकातली भाषा एक नाही. तिरोडा, गोरेगाव, आमगावकडे किती तरी घरांत पोवारी बोलतात. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे झाडीबोली. देवरी, सालेकसाकडे गोंडी. सहा वर्षांचं लेकरू पहिल्यांदा शाळेत जातं आणि गुरुजी जे बोलतात त्यातले निम्मे शब्द त्याला नवे असतात. ते गप्प बसतं. मग घरी निरोप येतो, पोरगं कच्चं आहे. कच्चं कसलं, त्याला शब्दच कळले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलं आहे. पण पोवारीत गोष्टीचं पुस्तक आणायचं कुठून? कोणता प्रकाशक चारशे प्रतींसाठी ते छापेल?

इथे खुला परवाना कामाला येतो. प्रथम बुक्स या संस्थेनं ८ सप्टेंबर २०१५ ला 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. लहान मुलांच्या चित्रांच्या गोष्टी, मराठीतही भरपूर, आणि परवाना खुला. तिथलीच गोष्ट, तिथलीच चित्रं, खाली आपल्या बोलीतलं वाक्य लिहायचं, झालं पुस्तक. फोनवर वाचा नाही तर छापून घ्या. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर ही संस्था लोकांच्या बातम्या त्यांच्याच भाषेत फोनवरून ऐकवते. तिच्या मदतीनं २०१८ मध्ये गोंडी बोलणाऱ्या लोकांनीच एकत्र बसून स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी गोंडीत उतरवल्या. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही की कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत. हेच पुस्तक नुसतं फुकट असतं, खुलं नसतं, तर ते घडलंच नसतं.

आपल्या तालुक्यात पोवारीत, झाडीबोलीत लिहिणारी, गाणी बांधणारी माणसं कमी नाहीत. दंडार-नाटकाचे संवाद रातोरात लिहिणाऱ्याला आठ पानांची गोष्ट उतरवायला किती वेळ लागेल?

'पहिला महिना फ्री' म्हणजे काय

आता पिशवीवाल्यांकडे येऊ. फोन येतो, बाई गोड बोलते, मुलाची 'टेस्ट' घेऊ म्हणते. टेस्टमध्ये पोरगं नेहमी हुशार निघतं आणि नेहमी थोडं मागे पडलेलं निघतं. मग डेमो फ्री, टॅब फ्री, पहिला महिना फ्री. त्यानंतर आधार, पॅन, ओटीपी. तुम्हाला वाटतं की पोराचं नाव नोंदवलं. प्रत्यक्षात कर्ज उचललेलं असतं.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे खूप जणांना हे माहीत नाही. अशा कोर्सचे हप्ते बऱ्याचदा शिकवणाऱ्या कंपनीचे नसतात. मध्ये एक फायनान्स कंपनी असते. ती पूर्ण रक्कम आधीच शिकवणाऱ्यांना देऊन टाकते आणि तुमच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप कापायची मंजुरी त्याच ओटीपीत घेतलेली असते. पोरानं ॲप उघडणं बंद केलं तरी हप्ता बंद होत नाही. धानाचे चुकारे खात्यात आले की पहिल्यांदा तोच कापला जातो. खात्यात पैसे नसले तर दंड, आणि सिबिल खराब. मग पुढच्या मृगाला पीक कर्जासाठी बँकेत गेलात की तिथे ते निघतं. पोराच्या शिकवणीनं बापाचं पीक कर्ज अडवलं, असं होतं.

हे माझ्या मनचं सांगत नाही. २३ डिसेंबर २०२१ ला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं याच गोष्टीवर पालकांसाठी सूचना काढली होती. फुकट म्हणून सांगितलेल्या सेवांची नीट तपासणी करा, खात्यातून आपोआप पैसे कापायला मंजुरी देऊ नका, कर्जाच्या कागदाकडे लक्ष द्या, असं त्यात होतं. कंपनी मोठी आहे, जाहिरातीत नट आहे, म्हणून भरवसा ठेवावा असंही नाही. क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव मिरवणारी बायजूज ही एके काळी देशातली सगळ्यात मोठी शिकवणी कंपनी होती. क्रिकेट मंडळाचेच पैसे थकवल्याच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

सगळेच खासगी वर्ग वाईट, असं माझं म्हणणं नाही. पण आधी पुस्तकातला चौकोन स्कॅन करून पाहा, फुकटात काय मिळतं ते बघा, मग पैशाचं ठरवा. आणि ओटीपी देण्याआधी एकच प्रश्न विचारा : हे कर्ज आहे का? समोरचा अडखळला तर फोन ठेवा.

फोन कोणाच्या हातात?

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा खुल्या शिक्षणाची खरी परीक्षा झाली. दीक्षा होतं, पीडीएफ होत्या, २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिकाही लागली. पण जुलै म्हणजे आपल्याकडे रोवणी. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप बांधीत चिखलात. संध्याकाळी तो घरी आला की चार्जिंग संपलेली. दार उघडं होतं, पण दारापर्यंत जायला पाय नव्हते, अशी किती तरी पोरांची गत झाली.

आता फोन वाढले. पण 'असर'चा २०२४ चा ग्रामीण भारताचा अहवाल सांगतो की फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या पोरांपैकी शेकडा ५७ जणांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला, आणि सोशल मीडियासाठी शेकडा ७६ जणांनी. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आहेत. आपल्या गावातही वेगळं चित्र नाही. मुलगा नववीत गेला की फोन येतो, मुलीला मात्र 'बारावी होऊ दे' म्हणतात. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात एक विद्यार्थिनी गेली होती. तिच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोनला बंदी होती आणि ती नियम मानेना म्हणून तिला काढलं. कोर्टानं सांगितलं, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. निकाल केरळचा आहे, पण घरी मुलीला रोज एक तास फोन द्यायला आपल्याला कोर्टाची गरज नसावी.

आणि शाळेतलं काय? ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून गाजली, संदीप गुंड गुरुजींमुळे. तिचं पाहून राज्यभर गावांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टीव्ही घेतले. आपल्याकडेही घेतले. त्यातले काही रोज चालतात. काहींवर कापड टाकलेलं मी पाहिलं आहे. दिवा जळून गेला, दुरुस्तीला पैसे नाहीत, नाही तर बिल थकलं आणि वीज कापली. ज्या गुरुजींनी हौसेनं बसवलं त्यांची बदली झाली आणि पासवर्डही त्यांच्यासोबत गेला, असंही एका गावात ऐकलं. यंत्र आणलं म्हणजे शिक्षण आलं असं नाही. व्हिडिओ थांबवून "समजलं का रे?" विचारणारं माणूस समोर लागतंच.

यात पालकांच्या हातात काही नाही असं समजू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात चारांपैकी तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा टीव्ही किंवा प्रोजेक्टर चालू आहे का आणि विजेचं बिल कोण भरतं, ते विचारा. दीक्षावरचे धडे डाउनलोड करून ज्यांच्याकडे फोन नाही त्या पोरांना शाळा सुटल्यावर अर्धा तास दाखवता येतील का, तेही विचारा. बैठकीची तारीख मुख्याध्यापकांकडे मिळते. रोवणी आटोपल्यावरची मागून घ्या, नाही तर कोणीच येणार नाही.